अकरावीत आहे, नागपूर. मानसशास्त्रातलं संशोधन शाळेत असतानाच कसं करायचं?

सदर_अकरावी

नमस्कार मंडळी. सीबीएसई अकरावी नुकतीच सुरू झाली आहे, मानसशास्त्र विषय आहे. बारावीनंतर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मानसशास्त्रासाठी अर्ज करायचे आहेत, सोबत अशोका आणि फ्लेम या खासगी विद्यापीठांत, आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही प्रवेश परीक्षाही देणार. सगळीकडून एकच ऐकू येतं, ‘रिसर्च दाखवावा लागतो’. सध्या समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, ऑनलाइन मेंटरशिप. दहा आठवडे, फी दोन लाखांच्या वर, शेवटी पेपर छापून येतो असं सांगतात. दुसरा, ‘सोशल मीडिया आणि किशोरवयीन मुलांमधलं नैराश्य’ या विषयावर गूगल फॉर्म. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली टाकून व्हॉट्सॲपवरून ५०० जणांकडून भरून घ्यायची. तिसरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मनोरुग्णालयात महिनाभर इंटर्नशिप.

यातलं काय करावं? अर्ज पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून सुरू होतील.

---

चाचणी_आणि_चूक

दुसऱ्या पर्यायापासून सुरू करतो, कारण तो फॉर्म कदाचित आजच पाठवला जाईल. कृपया पाठवू नकोस.

पीएचक्यू-९ मोफत आहे, नऊच प्रश्न आहेत, म्हणून सगळे ती उचलतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. समजा रात्री अकराला एखाद्या मुलाने त्याच्यापुढे ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर भरलं. फॉर्म निनावी असेल तर तो कोण हे तुला कळणार नाही. निनावी नसेल तर एका अल्पवयीन मुलाची अशी माहिती तुझ्या मेलमध्ये पडून राहील आणि तिचं काय करायचं हे सांगणारं कुणी शेजारी नसेल. ही प्रश्नावली जिथे नीट वापरतात तिथे ते उत्तर त्याच दिवशी पाहणारा प्रशिक्षित माणूस ठेवलेला असतो. तुझ्याकडे तो नाही. (वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.)

शास्त्र म्हणूनही हा अभ्यास टिकत नाही. ‘दिवसाला किती तास फोन पाहता’ या प्रश्नाचं उत्तर आणि फोनमधली खरी नोंद यांचा मेळ फार कमी बसतो. व्हॉट्सॲपवर फिरवलेला फॉर्म तुझ्याच ओळखीच्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे ५०० उत्तरं आली तरी ती एकाच साच्यातली. आणि दोन गोष्टींचा संबंध सापडलाच, तर फोनमुळे मन उदास होतं की उदास मुलगा फोनकडे वळतो, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. प्रवेश समितीत बसलेल्यांनी असे अभ्यास ढिगाने वाचलेले असतात.

त्याऐवजी आजाराला हात न लावता, मोजता येईल असं काहीतरी लहानसं निवड. नागपूरच्या मुलांसाठी एक चांगला प्रश्न तयारच आहे. घरी मराठी बोलणारा पण इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा कोणती लिपी जास्त आपोआप वाचतो? हे मोजायला स्ट्रूपचा प्रयोग आहे, १९३५ पासून चालत आलेला. ‘निळा’ हा शब्द लाल रंगात लिहिलेला दिसतो आणि उत्तर रंगाचं द्यायचं असतं. वाचन जितकं सवयीचं, तितका शब्द आडवा येतो आणि उत्तर उशिरा येतं. तो उशीर मिलिसेकंदांत मोजायचा, एकदा मराठी शब्दांसाठी आणि एकदा रोमन लिपीतल्या इंग्रजी शब्दांसाठी.

नागपुरात हिंदी-मराठी अशी जोडी घ्यावीशी वाटेल. घेऊ नकोस. लिपी एकच, ‘लाल’ दोन्हीकडे तोच, निळा-नीला आणि पिवळा-पीला जवळजवळ सारखेच. कोणत्या भाषेमुळे अडथळा आला ते वेगळं काढता येणार नाही.

मांडणी अशी कर. रंग चार: लाल, निळा, हिरवा, पिवळा. पार्श्वभूमी पांढरी नको, फिकट करडी ठेव, नाहीतर पिवळा शब्द दिसतच नाही. प्रत्येक भाषेत ७२ वेळा शब्द दाखवायचा: २४ वेळा शब्द आणि रंग जुळणारे, २४ वेळा न जुळणारे, २४ वेळा शब्दाऐवजी नुसते चार चौकोन. चार रंगांतून न जुळणाऱ्या जोड्या १२ होतात, प्रत्येक दोनदा, म्हणून २४. दोन्ही भाषा मिळून १४४. त्याआधी रंगीत ठिपके दाखवून ३२ वेळा सराव, कारण कोणती कळ कोणत्या रंगाची हे बोटांना बसायला वेळ लागतो. डी, एफ, जे, के या कळांवर रंगीत टिकल्या चिकटव. तोंडी उत्तर घेऊ नकोस. उत्तराची भाषा शब्दाच्या भाषेशी जुळली की अडथळा वाढतो आणि तो आणखी एक गुंता होतो. सम क्रमांकाच्या मुलांना आधी मराठी, विषम क्रमांकाच्यांना आधी इंग्रजी. एका मुलाला सूचनांसह पंधरा मिनिटं पुरतात.

सॉफ्टवेअर सायकोपाय, मोफत आहे. त्यात देवनागरी थेट टाइप केलीस तर मात्रा जागेवरून सरकू शकतात, आणि निळा, हिरवा, पिवळा या तिन्ही शब्दांना नेमकी पहिली वेलांटी आहे. म्हणून शब्दांची चित्रं करून घे: प्रत्येक भाषेत चार शब्द गुणिले चार रंग म्हणजे १६, दोन्ही मिळून ३२, आणि चौकोनांची ४. एकूण ३६ चित्रं, सगळ्यांची उंची सारखी.

मुलं किती? एकाच मुलावर दोन्ही भाषा मोजतेस, त्यामुळे मध्यम आकाराचा फरक (०.५, म्हणजे सरासरी फरक मुलामुलांमधल्या चढउताराच्या निम्मा) ८० टक्के खात्रीने पकडायला ३४ पुरतात. दोन वेगळे गट केले असते तर प्रत्येकी ६४ लागले असते. तू ४२ घे, काही गळतातच. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हाच हिशेब करून देतं. त्यात स्वतः आकडे टाकून पाहा, मुलाखतीत हा प्रश्न येऊ शकतो.

---

संमतीपत्र_आधी

वरचा आराखडा चांगला आहे, पण त्यातली एक पायरी सुटली आणि ती सगळ्यात आधीची आहे. मुलांना लॅपटॉपपुढे बसवण्याआधी परवानगी लागते. शाळेतल्या शाळेत, मैत्रिणीवरच प्रयोग असला तरी.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि १२ ते १८ वयात त्याशिवाय मुलाची स्वतःची लेखी तयारीही. म्हणजे दोन कागद, दोन सह्या. दोन्ही मराठीत आणि इंग्रजीत ठेव. कागदावर काय असावं: प्रयोगात काय करायचं, किती वेळ लागेल, मधेच उठून जाता येतं आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, नाव कुठे लिहिलं जाणार नाही, माहिती किती काळ ठेवली जाईल, कोणत्या शिक्षकांशी बोलता येईल. प्रयोगाचा गुणांशी काही संबंध नाही हेही लिही. वर्गशिक्षकांनी ‘सगळ्यांनी भाग घ्या’ असं सांगितलं की ती संमती राहत नाही.

पुढे आयसेफ या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेपर्यंत जायचं मनात असेल (भारतातून आयरिस या राष्ट्रीय मेळाव्यातून तिथे संघ जातो, आणि वर्तनशास्त्र-समाजशास्त्र हा तिथे स्वतंत्र विभाग आहे), तर नियम आणखी कडक. शाळेत तिघांची तरी समिती हवी: एक शिक्षक, एक शाळा प्रशासनातली व्यक्ती, आणि मानसिक-शारीरिक जोखीम समजणारी तिसरी व्यक्ती, म्हणजे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, नर्स असं कुणी. तुझे मार्गदर्शक आणि तुझे आईवडील या समितीत बसू शकत नाहीत. मंजुरीची तारीख पहिल्या मुलाच्या चाचणीच्या आधीची असली पाहिजे. काम आधी आणि सह्या नंतर, यावर प्रकल्प बाद होतात. काम सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त काळाचंही चालत नाही, त्यामुळे सुरुवातीची तारीख विचार करून ठरव.

तिसऱ्या पर्यायाबद्दल. प्रादेशिक मनोरुग्णालय असो, मेडिकल असो की मिहानमधलं एम्स, अकरावीच्या मुलीला रुग्णांजवळ बसवणं योग्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुणी ओळखीने आत बसवलं तरी तिथे पाहिलेलं निबंधात लिहिता येणार नाही, आणि लिहिलंस तर वाचणारा आधी हेच विचारेल की रुग्णाने परवानगी दिली होती का.

---

अर्जाचा_हिशेब

हे काम अर्जात कुठे बसतं ते सांगते, म्हणजे किती जीव काढायचा याचा अंदाज येईल.

सीयूईटीतून दिल्ली विद्यापीठात जायचं असेल तर संशोधनाचा उपयोग शून्य, तिथे त्या परीक्षेचे गुण चालतात. अशोका आणि फ्लेममध्ये निबंध आणि मुलाखत आहे, तिथे कामाबद्दल बोलता येतं. अमेरिकेच्या कॉमन ॲप या सामायिक अर्जात उपक्रमांच्या दहा जागा असतात, त्यात ‘संशोधन’ हा प्रकार आहे, आणि वर्णनाला फक्त १५० अक्षरं, रिकाम्या जागा धरून. तिथे ‘संशोधनाची आवड’, ‘सखोल अभ्यास’ अशा शब्दांवर अक्षरं घालवू नये. प्रश्न, माणसं, कृती: दोन लिप्यांतला स्ट्रूप अडथळा मोजला, ४० विद्यार्थी, आराखडा व विश्लेषण स्वतः, पूर्वनोंदणी केलेला. एवढं इंग्रजीत बसतं. (पूर्वनोंदणी म्हणजे विश्लेषणाचे नियम आकडे पाहण्याआधी तारखेसह नोंदवणं.) आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे हेही विचारतात. फुगवू नको, पंधरा मिनिटांची चाचणी ४२ मुलांवर म्हणजे साडेदहा तास, त्यात तयारी आणि विश्लेषण धरलं तरी आकडा कुठवर जातो ते वाचणाऱ्याला कळतं.

इंग्लंडचं वेगळं. यूकास या तिथल्या एकत्रित अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध निबंध गेला, तीन प्रश्न आले, मिळून ४००० अक्षरं. विषयाच्या तयारीबद्दल थेट विचारतात, त्यामुळे हे काम तिथे जास्त मोकळं मांडता येतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर. अमेरिकेची लवकरची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर.

आता दोन लाखांचा प्रश्न. कुणा एका संस्थेबद्दल बोलत नाही, पण पैसे भरण्याआधी लेखी विचार: मार्गदर्शक प्रत्यक्ष किती तास देणार? प्रश्न कोण ठरवणार? माणसांवर प्रयोग असेल तर परवानगी कोणती समिती देणार? नियतकालिकाचं नाव काय, आणि तिथे लेख नाकारले जातात का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. जिथे छापून येण्याची हमी आधीच मिळते तिथे कुणी लेख तपासलेला नसतो. शालेय विद्यार्थ्यांसाठी जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स आहे, तिथे शास्त्रज्ञ लेख वाचून दुरुस्त्या मागतात आणि त्यात कित्येक महिने जातात. अर्जाच्या वेळी लेख तपासणीत असेल तर ‘पाठवला आहे’ एवढंच लिहायचं. ‘प्रकाशित’ लिहिलंस आणि सापडला नाही तर सगळा अर्ज संशयात येतो.

छापून नाही आलं तरी चालतं. विषय समजलेल्या शिक्षकांचं शिफारसपत्र, ज्यात ‘हिने पहिल्या आठ मुलांची माहिती स्वतःहून बाद केली कारण सूचना नीट दिल्या गेल्या नव्हत्या’ असं एक वाक्य आहे, ते छापील प्रमाणपत्रापेक्षा जास्त वाचलं जातं.

---

सदर_अकरावी

खूप आभार सगळ्यांचे. फॉर्म पाठवणार नाही. दोन शंका आहेत. मे-जूनमध्ये शाळा बंद, मग तोवर काय करू? आणि शाळेत मानसशास्त्राच्या मॅडम आहेत, पण संशोधनाबद्दल विद्यापीठातल्या कुणाला विचारायचं झालं तर मेल कसा लिहायचा? मुलांच्या स्वतःच्या फोनवर चाचणी घेतली तर लवकर होईल, चालेल का?

---

चाचणी_आणि_चूक

फोनवर नको. प्रत्येक फोनचा पडदा आणि स्पर्शाला लागणारा वेळ वेगळा, आणि तू मोजणार आहेस तो फरकच मुळात लहान. एकच लॅपटॉप, एकच खोली, चार्जर लावलेला, बॅटरी वाचवणारा मोड बंद, वायफाय बंद. कूलरच्या आवाजाशेजारी बसवू नको.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे तुझ्या हातात दोन महिने आहेत आणि तयारीला ते लागतातच. एप्रिलमध्ये सुट्टी लागण्याआधी मॅडमकडून समितीचं बोलून घे, कारण मुख्याध्यापक मे महिन्यात भेटत नाहीत. मेमध्ये चित्रं आणि प्रोग्राम तयार कर. जूनमध्ये घरातल्या मोठ्या माणसांना बसवून फक्त प्रोग्राम चालतो का ते तपास. ही माहिती विश्लेषणात घ्यायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खरी चाचणी, दिवसाला चार मुलं, मधल्या सुट्टीनंतर नको, पळून आलेली असतात.

त्याआधी नियम लिहून ओएसएफ या मोफत संकेतस्थळावर पूर्वनोंदणी कर: चुकीची उत्तरं वगळणार, २०० मिलिसेकंदांखालची आणि ३००० वरची वगळणार, ८५ टक्क्यांपेक्षा कमी अचूक असलेल्या मुलाची सगळी माहिती वगळणार. आकडे पाहिल्यावर नियम ठरवले तर हवा तो निकाल काढता येतो, म्हणून तारखेसह आधी. रंगांधळेपणा तपासायला सुरुवातीला चार ठिपके दाखवून रंगांची नावं विचार.

विश्लेषण जास्प या सॉफ्टवेअरमध्ये, तेही मोफत. प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक भाषेत, न जुळणाऱ्या शब्दांच्या सरासरी वेळातून चौकोनांचा सरासरी वेळ वजा कर. प्रत्येक मुलामागे दोन आकडे उरतात. त्यांच्यावर जोडीची टी-चाचणी (एकाच मुलाच्या दोन आकड्यांतला फरक तपासणारी). नुसती पी-किंमत (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) लिहू नको, फरक किती मिलिसेकंद आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो, तेही दे. फरक निघाला नाही तर तसंच लिही. मर्यादा रुंद असेल तर ‘फरक नाही’ असंही म्हणता येत नाही, ‘सांगता येत नाही’ म्हणावं लागतं. हे नेमकं लिहिता येणारे पदवीच्या वर्गातही थोडेच असतात.

एक जागा जिथे हमखास फसतात: मराठी आणि इंग्रजी शब्दांची पडद्यावरची रुंदी. ‘यलो’ रोमनमध्ये सहा अक्षरांचा, ‘निळा’ दोन अक्षरांचा. अडथळा भाषेचा की लांबीचा, असा प्रश्न येणारच. पूर्ण सुटत नाही, पण चित्रांची उंची एक ठेवून रुंदी मोजून तक्ता दे आणि अभ्यासातल्या उणिवा सांगताना हेही लिही.

---

खामल्याहून

मेलबद्दल. नागपूर विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग किंवा मानसशास्त्र शिकवणारं शहरातलं कॉलेज, कुणालाही लिहिताना ‘इंटर्नशिप मिळेल का’ हा शब्दच नको. त्याचं उत्तर द्यायला त्यांना कार्यालयात विचारावं लागतं, म्हणून उत्तर येत नाही. लहान आणि नेमकं मागावं: ‘एक पानी आराखडा जोडला आहे, नियंत्रणाबद्दलचा दुसरा मुद्दा बरोबर आहे का, वीस मिनिटं देऊ शकाल का?’ मेल १५० शब्दांच्या आत. विषयाच्या ओळीत शाळा, इयत्ता आणि प्रयोगाचं नाव. आराखडा पीडीएफमध्ये, ड्राइव्हची लिंक नको, ती परवानगी मागत बसते. ‘आदरणीय सर/मॅडम’ असं दोन्ही एकत्र लिहून दहा जणांना तोच मेल गेला की लगेच ओळखू येतं. प्रत्येकाचं एखादं काम वाचून एक ओळ त्याबद्दल लिही. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत पाठवू नको. दहा दिवस थांबून एकदा आठवण, त्यानंतर पुढचं नाव.

आणि तुझ्याकडे द्यायलाही काहीतरी आहे. मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना ध्वनिमुद्रणं शब्दशः उतरवून घेणारं माणूस नेहमी लागतं, आणि वऱ्हाडी बोली कानावर असलेलं माणूस बाहेर मिळत नाही. त्यांच्या अभ्यासाच्या परवानगीत तुझं नाव घालून घेतलं तरच ते काम घे, नाहीतर ती ध्वनिमुद्रणं तू ऐकणं बरोबर नाही.

मे महिन्यात ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर एनपीटीईएलचे (आयआयटींचा ऑनलाइन उपक्रम) मानसशास्त्राचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी १००० रुपये, केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि पास व्हायला गृहपाठाचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. प्रमाणपत्रासाठी घेऊ नको, संशोधन पद्धतीचे आठवडे नीट पाहा.

शाळेने समिती बसवायला नकार दिला तर हातपाय गाळू नको. ओएसएफवर मोठ्या पुनरावृत्ती-अभ्यासांची नाव नसलेली कच्ची माहिती मोफत आहे. मेनी लॅब्जची (अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी तेच प्रयोग पुन्हा केले तो प्रकल्प) फाइल उतरवून एकाच प्रयोगाचा निकाल देशांनुसार पुन्हा काढता येतो. त्यात मुलांना बसवावं लागत नाही, आणि बाहेर ४५ अंश असताना घरात बसून होतं. फाइलसोबतचं माहितीपत्रक आधी वाच, कारण रकान्यांची नावं आखूड असतात आणि न दिलेल्या उत्तरांसाठी बऱ्याच फाइलींमध्ये ९९ किंवा उणे १ असे आकडे असतात. ते काढायचे राहिले की सरासरी सगळी चुकते.

---

सदर_अकरावी

मॅडमशी बोलले. समितीसाठी उपमुख्याध्यापक आणि शाळेच्या समुपदेशक तयार आहेत, पण मॅडम स्वतः मार्गदर्शक आहेत, म्हणून शिक्षकांची तिसरी जागा कोण घेणार हे पाहायचं आहे.

---

संमतीपत्र_आधी

जीवशास्त्राचे किंवा गणिताचे शिक्षकही चालतात, मानसशास्त्राचेच हवेत असं नाही. समुपदेशकांची पदवी काय आहे ते मात्र आधी विचार, कारण जोखीम पाहणारी जागा त्यांच्यासाठी आहे आणि आयसेफच्या यादीत कोणती पात्रता चालते ते दिलेलं आहे. आराखडा, दोन्ही संमतीपत्रं आणि पडद्यावर दिसणाऱ्या सूचना जशाच्या तशा, असा एकत्र संच तिघांना दे. नंतर सूचनेतलं एक वाक्य जरी बदललं तरी तो संच पुन्हा सहीला जातो, म्हणून जूनमधली घरातली तपासणी झाल्यावरच सह्या घे.